चौदावा प्रश्न

मॅडम, थांबा. तुमचा चौदावा प्रश्न
पुन्हा वाचा बरं.
"गोल फिरणाऱ्या वस्तूंकडे मूल टक लावून पाहते का?"
मे महिन्यात, गोळीबार चौकात,
कूलरकडे टक लावून कोण नाही पाहत?
याचा बाप पाहते. मी पाहतो.
बारापात्रे काकू तर खाट ओढून बसते समोर.

हो, लिवा. पण हेही लिवा,
पंप बिघडायच्या एक दिवस आधी
लोकेश उठून जिन्याखाली जाते, कान दाबून.
मग आमी मिस्त्रीले फोन करतो.
याच्यासाठी रकाना आहे का कुठी?

चार वर्षं झाले, एक बाई आली होती तुमच्यासारखीच.
पोराचं डोकं मोजलं टेपनं.
माझं वय, याच्या बापाचं शिक्षण, घराचं भाडं,
सारं पिशवीत भरून नेलं.
मागं वळून काई आलं नाही. एक कागदही नाही.
म्हणून पहिले दार उघडलं नाही मी. राग नका मानू.

ताजबागले नेला होता, सात गुरुवार.
नवस-गिवस सासूचा. मी नेला याच्यासाठी की
तिथी जाळीले गाल लावून तो उभा राहे
आणि कोणी मले काई विचारे नाही.

पेन ठेवता? ठेवा.

घरात माग होता. इथीच, तुमी बसल्या तिथी.
खटाक खट, खटाक खट, रात्री अकरापर्यंत.
तुमी लिवलं, "दुसऱ्या वर्षापासून बोलणे बंद."
बंद नाही. तो मागासंगं बोले.
धागा तुटला की बापाच्या आधी याले समजे,
"आ" म्हणून ओरडे, एकदाच.
मग लुगड्याचं गिऱ्हाईक गेलं, माग भंगारात गेला.
हातगाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली
आणि पोट्टं अकरा रात्री झोपलं नाही.
बाराव्या रात्री याच्या बापानं
पलंगाच्या फळीवर बोटं वाजवली.
अजूनही वाजवते. रोज. कितीही थकून आला तरी.
डाव्या हातानं, कारण उजव्यात
कधी कधी जेवणाचा घास असते.

हे तुमच्या मोठ्या लोकाईले वाचून दाखवा.
खटाक खट मात्र घाईनं वाचू नका.
आणि ते काय म्हणाले, ते सांगाले या.
सही तेव्हा करतो.

श्श. जिन्याखाली सुरू झाला तो.
कूलर बंद करतो जरा.
गरम होईल,
पण ऐकू येईल.