घर ओढायचा दिवस

पहाटेच त्यांनी खिडक्या काढल्या,
काचा गोधडीत गुंडाळून नोल्फाच्या गाडीत ठेवल्या.
मग दारं. मग धुराडं.
लोखंडी चूल चौघांनी उचलली तेव्हा
तिच्या पोटात कालची राख अजून कोमट होती.

चिलोएत घर हलवतात म्हणजे खरंच हलवतात :
खाली ओंडके, पुढे बैल,
आणि दोराला ज्याला हात आहेत तो प्रत्येक जण.
मजुरी कुणी मागत नाही.
संध्याकाळी रस्सा, बटाटे,
आणि पुढच्या खेपेला त्यांच्या दोराला आपण.
हिशोब एवढाच.

दवाखाना पलीकडच्या किनाऱ्यावर
आणि माझे गुडघे इकडे,
म्हणून मी पंचवीस घरी निरोप धाडला.
बेलार्मिनोकडे नाही.
एका मेंढीवरून नऊ वर्षं
आम्ही एकमेकांच्या धुराकडे बघायचो
आणि आहे जिवंत, एवढं समजून घ्यायचो.

तो आला.
कुंपणावरून नाही, रस्त्यानं,
मोठा वळसा घालून, पाहुण्यासारखा,
बैलांची जोडी घेऊन.
"जू कुठं अडकवू, इस्मेनिया?"
मी बोट दाखवलं.
ते नीट स्थिर राहिलं नाही.

घर हललं.
आधी नुसता आवाज, दुखरा दात हलतो तसा,
मग लाकडी खवल्यांची सगळी भिंत
हातभर पुढं.
आणि मागं जमीन उघडी पडली.

चाळीस वर्षं ऊन न बघितलेला चौकोन.
पांढुरके कोंब. एक गोगलगाय, गोंधळलेली.
फळ्यांच्या फटींतून निसटलेलं सगळं तिथं होतं :
शिंपल्याचं बटण,
ओमेरोचा दुधाचा दात,
केसांचे आकडे,
आणि गाठ मारलेला एक लाल दोरा,
काहीतरी विसरू नये म्हणून बांधलेला.
काय, ते आठवेना.
बाकीचे ओरडत पुढं गेले.
मी चप्पल काढून त्या चौकोनात उभी राहिले.
इतकी वर्षं जिच्या डोक्यावर चालले
ती ही. गार. मऊ.
"बरी आहेस ना?" मी विचारलं.
कुणाला, ते मला अजून सांगता येणार नाही.

भरतीला घर पाण्यात उतरलं,
कडेनं पिंपं बांधलेली, पुढं दोन होड्या.
दार नव्हतंच, समुद्र सरळ आत आला,
स्वयंपाकघरात फिरला,
कुठं काय ठेवलंय ते बघितल्यासारखा.

होडीत बेलार्मिनो शेजारी.
दोघांचे तळवे एकाच दोरानं सोललेले.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"ती मेंढी माझी नव्हती."
मी म्हटलं, "माझीही नव्हती."
मग कितीतरी वेळ
नुसतं वल्ह्यांचं पाणी.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात.
इथं फिरलेच.
या किनाऱ्यावर घर उलट्या तोंडानं बसलं.
पूर्वी सकाळ माझ्या पाठीवर यायची,
आता समोरून येते,
आणि मी डोळे मिचकावत
माझ्याच चुलीपुढं नवखी.
रात्री उठले तर दिव्याचं बटण
हाताला बरोबर सापडतं.
खिडकीबाहेरचा अंधार मात्र
रोज थोडा थोडा ओळखावा लागतो.

पाण्यापलीकडं त्याचा धूर दिसतो.
त्या पांढऱ्या चौकोनात
त्यानं बटाटे लावलेत म्हणे.
मला विचारलं नाही.
बरं केलं.

गुरुवारी होडी असते.
बुधवारी मी दोन पाव जास्त भाजते.