न लिहिलेला आकडा

कार्ट्रिजचा स्क्रू आपल्याकडच्या कुठल्याच पान्याला बसत नाही.
बॉलपेनचं बूड मेणबत्तीवर मऊ करायचं,
स्क्रूवर दाबून धरायचं, शंभर मोजायचे.
मग तेच पेन पाना होतं.
लाखांदुरात हे फक्त मला येतं
आणि वर्षातून एखाद्या वेळीच लागतं.

दोनाडकर मास्तरांचा यथार्थ आला होता.
चुलतभावाने नागपूरहून आणलेला, हातात धरून खेळायचा जुना गेम,
पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा.
उघडलं. पट्ट्यांवर हिरवट बुरशी,
ती स्पिरिटने गेली, रेघाही गेल्या. वीस रुपये.
तरी मी झाकण लावलं नाही.

आत दोन चिपा होत्या.
मोठीत गेम. धाकटी
पान उलटणारी.
ह्या यंत्राला एका वेळी एवढंच दिसतं, एक खिडकी.
गेम खिडकीहून मोठा असला
की त्याने एक आकडा लिहायचा,
जिथं काहीच लिहिता येत नाही अशा जागी,
आणि तो फक्त धाकटीने वाचायचा,
खिडकीमागचं पान बदलायचं.

यथार्थचा गेम म्हणजे एक बदक, तीन टोपल्या, पडणारी अंडी.
अख्खा गेम एका खिडकीत मावतो, वर जागा उरते.
आकडा कधी लिहिलाच नव्हता.
तीसेक वर्षं.
कारखान्यात एकाच साच्याच्या पाट्या उरल्या असतील,
कुणी म्हटलं असेल, लावून टाका.
चोवीस पाय, चोवीसही डाग नेटके,
मुंगीच्या वाट्याची वीज खात
बसलेली.

बाबा डबा घेऊन आले, भिंग मागून घेतलं.
"हिचं काम काय?"
सांगितलं.
"आन् काम येतच नाही?"
नाही.
"म्हंजे पाटकरीच म्हन."

बाबा एकवीस वर्षं चौथ्या फाट्याच्या गेटवर होते.
कालवा दुसऱ्या फाट्यापुढे कधी भरला नाही.
तरी दर सोमवारी गेटच्या दांड्याला ग्रीस,
रोज नोंदवहीत तारीख, विसर्ग शून्य, सही.
साहेब एकदा म्हणाला, शून्य रोज कशाला, महिन्याचं एकदम लिहा.
बाबा म्हणाले, आजचं शून्य आज.

भिंगातून मान न काढता त्यांनी विचारलं,
"बसून बसून खराब होते का?"
मला माहीत नव्हतं.

ड्रॉवरमध्ये वडशाच्या रुचिता उईकेचं कार्ट्रिज
दोन महिने पडून होतं.
मोठा गेम, आठ पानं, उलटणारी जळलेली.
राजवाड्याच्या दारापर्यंत जायचा नि थिजायचा.
यथार्थला विचारलं.
"काम नाही तं काढून घ्या ना जी."
काढली. त्याच्या पाटीवर दोन तारा ओढल्या,
बदक चालू. चिप तिकडे बसवली.

बाबांनी डबा उघडला, पण खाल्लं नाही.
दार आलं.
गेमने आकडा लिहिला असणार,
तो काही दिसत नाही.
पडदा क्षणभर पांढरा,
मग पलीकडचं अंगण,
दोन झाडं, एक विहीर.

"हे आधीपासून होतं आत?"
होतं, बाबा.
त्यांनी डबा जवळ ओढला
आणि वांग्याची भाजी मिठाला कमी आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यथार्थ परत.
बदक चालतं, अंडी पडतात, तक्रार अशी नाही.
"पन हलकं लागून राह्यलं."
अर्ध्या ग्रॅमचाही फरक नसेल.
कानाशी धरून तो कार्ट्रिज हलवत होता.
पेनाचा पाना काढला, उघडून दाखवलं,
चोवीस चंदेरी ठिपके, दोन तारा.
बराच वेळ बघून
त्याने एका ठिपक्यावर बोट ठेवलं.
"इथं कोन बसत होतं जी?"