तीनशे सात

माझ्या घराच्या भिंती पातळ.
तीन मजले, एकेचाळीस खोल्या,
हात पसरले की दोन्हीकडे टेकतात.
सोलच्या या चढावर, ग्वानाक डोंगराच्या पायथ्याशी
वकील होऊ घातलेली पोरं मी ठेवून घेतली
अठ्ठावीस वर्षं.

रात्री दोनला जिना पुसताना
दारांच्या फटींतून दिवाणी कायदा गळायचा.
कुणी कलमं पुटपुटतंय, कुणाला उलट्या होतायत,
कुणी फोनवर आईला सांगतंय, जेवलो.
ऐकून ऐकून मलाही आलं:
ताबा म्हणजे काय, मालकी म्हणजे काय,
आणि दोन्ही नसलं की माणूस कुठं झोपतो.

पास झालेले लक्षात राहत नाहीत.
आठवड्यात जातात, गादी तशीच टाकून.
पुढं कधी दिसले तर
काळ्या गाडीची काच अर्धी खाली येते.
अर्धीच.
नापास मात्र एकेक तोंडपाठ.

तीनशे सातमधला प्यो सोक-जू एकोणीस वर्षं बसला.
आला तेव्हा केसांतून कंगवा जात नव्हता.
पहिली फेरी पार, दुसरीत अडकायचा,
कधी दोन गुणांनी, कधी अर्ध्यानं,
एकदा तर पाव गुणानं.
पाव गुण म्हणजे रे किती, मी विचारलं.
म्हणाला, मावशी,
एखादं 'परंतु' लिहायचं राहिलं असेल.

परीक्षेच्या दिवसांत मी मियॉक-गुक करत नसे.
समुद्रशेवाळाचं सार, बुळबुळीत.
खाल्लं की घसरतं माणूस, म्हणतात.
एकेचाळीस जणांचा प्रश्न,
बाजारात मी त्या दुकानाकडं बघतसुद्धा नसे.
पण बाळंतिणीला आमच्याकडं हेच देतात,
म्हणून वाढदिवसालाही हेच,
आणि प्योचा वाढदिवस नेमका
जूनच्या तिसऱ्या आठवड्यात,
दुसऱ्या फेरीच्या ऐन मध्यात.

मग सरकारनं ती परीक्षाच मोडीत काढली.
आता लॉ स्कूल. तीन वर्षं. फी. मुलाखत.
शेवटच्या यादीत प्यो नव्हता.
त्या रात्री घर इतकं गप्प
की मला झोप लागेना.
पुस्तकं किलोवर गेली.
त्यानं संविधान तेवढं बाजूला काढलं,
थोडा वेळ हातात धरलं,
मग तेही काट्यावर ठेवलं.

आता तो पार्सलं पोचवतो. खोली तीच.
बाकीच्या बऱ्याच रिकाम्या.

या वसंतात बिल्डरची नोटीस आली.
इमारत पाडायची, नव्वद दिवसांत सोडा.
हेल्मेट न काढता जिन्यातच वाचली त्यानं,
एकदा, मग परत पहिल्यापासून.
आणि हसला.
एकोणीस वर्षांत मला त्याचे दात माहीत नव्हते.
'मावशी, यांचंच एक परंतु राहिलंय.'

रात्रभर लिहीत होता.
पातळ भिंतीतून पेनाचा आवाजही येतो, तेव्हा कळलं.
हरकतीचा अर्ज, चार पानं.
सनद नाही त्याच्याकडं, म्हणून सही माझी.
फी म्हणून काय देऊ, तर म्हणे
तिसऱ्या मजल्यावरचा दिवा बदला.

सुनावणीची तारीख पडली
जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली.

शेवाळ मी रात्रीच भिजत घातलं होतं.
मूठभर घातलं, पातेलंभर झालं,
विसरलेच होते किती फुगतं ते.
सकाळी त्यानं वाडग्याकडं पाहिलं,
मग माझ्या हातातल्या फायलीकडं.
'आज नको. आज तारीख आहे.'

म्हटलं, तारीख माझी,
घसरले तर मी घसरेन.
वाढदिवस तुझा. खा.

त्यानं चमचा उचलला.
भिंतीपलीकडं कुणीच काही पाठ करत नव्हतं.