घट

आगपेटीएवढं डोंगल.
संगणकाच्या पाठीत खोचलं की हिशेबाचं पॅकेज बोलायचं,
काढलं की मुकं.
त्र्यंबक नाक्यावरचा डीलर सांगून गेलेला:
एक मशीन, एक किल्ली. दुसऱ्या मशीनला दुसरे नऊ हजार.
दादा रात्री ते गल्ल्यात ठेवत,
मोडीत आलेल्या तांब्यांच्या पावत्यांखाली.

आणि आमच्या दुकानाला तर
पुढून भिंतच नव्हती.
तांबट लेनमधून जाणाऱ्या कुणीही थांबावं,
पत्र्यातून हंडा कसा उठतो ते बघावं,
मठारकामाचे ठोके मोजावेत
आणि न विचारता निघून जावं.

कॉलेज रोडच्या कॅफेत तासाला पंधरा रुपये.
नाझिम कोकणी म्हणाला, उजवं बटण दाब. आता सोर्स.
पान पालथं झालं.
गिऱ्हाईक भांडं पालथं करून
बुडाशी बोट फिरवतं ना, तसं
मी कुणा अनोळखी माणसाचं काम चाचपलं.
कंस कुठे उघडला, कुठे मिटला,
कुठे त्यालाही जमलं नव्हतं.
त्या दिवशी दोन तास बसले. नाझिमने एकाचेच घेतले.

मग माझं पान:
वजन, घडणावळ, मोड वजा,
आणि घट.
घट म्हणजे भांडं, घट म्हणजे आटवताना जळून गेलेलं.
दोन्हींना एकच शब्द,
आमच्या घरात कुणाचा कधी घोटाळा झाला नाही.
त्या ओळीशेजारी मी, यंत्र वाचत नाही अशा जागी, लिहिलं:
'घट शेकडा दोन. दादांना विचारून.'

डीलरने सीडीचा बटवा मांडीवर घेऊन विचारलं,
हे लावायचं कशात?
कशातच नाही. उघडायचं.
सिन्नरच्या मामांनी उघडलं, येवल्यात उघडलं,
पुढे फोन आले तर फोनवरही उघडलं,
मी कुठेही गेले नव्हते.

कुणी उचललं तर? दादा.
तुम्ही हंडा कुणापासून लपवलात?
ते हसले. बघून कुणाला येतो हंडा?
हात दुखवावा लागतो.

डोंगल कुठे गेलं आठवत नाही.
बहुतेक मोडीतच.

आता पानं पालथी केली तरी
आत सगळं एका ओळीत दाबलेलं,
भंगारवाल्याच्या गठ्ठ्यासारखं,
कान कुठला, काठ कुठला कळत नाही.
फोनवाले तर दारातच पावती मागतात.
तरी बोटाची सवय जात नाही.

परवा एका घंटेचा भाव बघायला
भंडाऱ्याच्या कुणा पितळवाल्यांचं पान उघडलं.
उजवं बटण.
रंग वेगळे, नाव वेगळं, बेरीज माझ्यापेक्षा नेटकी,
आणि मध्येच, माझ्याच चुकलेल्या वेलांटीसकट:
'घट शेकडा दोन. दादांना विचारून.'
त्याखाली, दुसऱ्या कुणाच्या हातचं:
'आमच्याकडे तीन. काकूंना विचारून.'

दादांना ऐकू येत नाही आता,
पन्नास वर्षं ठोक्यांत बसले.
पावतीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.
त्यांनी चष्मा पुसला, परत वाचलं.
तीन?
सांग त्यांना, भट्टी बघून घ्या म्हणावं.