पाच टिंबं

वादी कबीरला, टायरवाल्याच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान. पाट्यांचं.
शटर अर्धंच वर करतो,
विजेच्या बिलाला ऊन आत आलेलं चालत नाही.

एकवीस वर्षं झाली.
दुसऱ्यांची नावं कापतो, चिकटवतो,
शिडीवर चढून पेटवतो.
पैसे नव्वद दिवसांनी.
कधी चेक पुढच्या तारखेचा,
कधी तारीखच पुढे सरकते
आणि चेक खणात.

गेल्या साली लावल्या त्याहून जास्त उतरवल्या.
कुन्हम्मदची बेकरी. ते सुरतवाले, पडद्यांचे.
हमूदचं मोबाइल दुरुस्तीचं, आठ महिने टिकलं.
उधारीपोटी पाटी घेऊन जा, म्हणाले,
जसं काही एकाचं नाव
दुसऱ्याच्या मापाला बसतं.

अरबी अक्षरं एकमेकांचा हात सोडत नाहीत.
ओढली की मोडतात.
अख्खी सुटतात ती फक्त टिंबं.
बिलाल ती दुधाच्या पावडरीच्या डब्यात टाकतो.
डबा हलवला की
बसलेला बाजार वाजतो.

परवा शमसा आली.
आईच्या स्वयंपाकघरात बुखूर करून विकायची,
आता परवाना मिळालाय, गाळा मिळालाय,
हाताला अजून उदाचा वास.
पाटी लहानच. पैसे निम्मे आत्ता.
उरलेले कधी, ते तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
(कुडाळहून बायको फोनवर म्हणाली, विचारायचं असतं.)

शमसा लिहायला टिंबं लागतात पाच.
शीनवर तीन, शेवटी दोन.
डब्यात एका मापाची गोल चारच निघाली:
दोन बेकरीची, एक पडद्यांचं, एक हमूदचं.
एका टिंबासाठी नवी शीट कोण फोडणार?
बिलाल शिडी उचलून बाहेर गेला,
न विचारता.

आज पाटी लागली. पेटली.
शमसानं रस्ता ओलांडून फोटो काढले.
सगळी टिंबं सारखीच आहेत ना?
म्हटलं, तिथून सारखीच.

माझ्या पाटीवर, मेस्त्रीमधला इंग्रजी आय
आता बोडका उभा आहे.
सकाळपासून तीन गिऱ्हाइकं आली,
कुणाच्या लक्षात नाही.
अरबाब खमीस तेवढा, वर्षाचे पैसे न्यायला आलेला,
उन्हात मान वर करून थांबला
आणि म्हणाला,
मेस्त्री, तुझं काहीतरी पडलंय.