छाट

पाणी पाचव्या दिवशी येतं,
म्हणून पिंपातलं जपून घेते, परातीत चार बोटं.
डेकल बुडायला तेवढं पुरतं.
कागद आधी आखडतो, तव्यावरच्या पापडासारखा,
मग शांत पडतो.
चाळीस आकडे मोजायचे. घाई केली तर फाटतं,
विसरलं तर आपोआप सुटून तरंगत जातं
आणि मग त्याला सरळ करणं म्हणजे
सायीची घडी घालणं.

येलगेटी आले मार्चात, भर दुपारी, डोक्यावर ओला पंचा.
पिशवीतून काढलं विडी कारखान्याचं पुस्तक,
कोपरे उंदरानं चाखलेले.
राजव्वा नरसय्या येलगेटी. पानं, तंबाखू, हजार, छाट.
प्रत्येक ओळीच्या शेवटी जांभळा अंगठा.
"फोटो एकच आहे अम्माचा, आधार कार्डावरचा,
तो तिच्यासारखा नाही.
हे छापा. कपावर."

बाराच्या खाली भट्टी परवडत नाही, मी म्हटलं.
आम्ही भावंडं सात, ते म्हणाले. पण करा बारा.

स्कॅन मोठा केला तेव्हा दिसलं,
अंगठ्याला रेषाच नाहीत फारशा.
कडेला तीन-चार वळणं, मध्ये गुळगुळीत डाग.
वाटलं शाई जास्त झाली. पान उलटलं.
सगळीकडे तसाच.
हजार विड्यांची हजार तोंडं रोज दाबायची,
ती याच बोटानं.
रेणुका म्हणाली, रेषा घालू का, माझा अंगठा घेऊन?
नको म्हटलं.

कप स्पिरिटनं पुसला. कागदावरून फिल्म घसरवली,
रबरी पट्टीनं मधून कडेकडे हवा काढत गेले.
शेवटचा बुडबुडा पट्टीला दाद देत नाही,
तिथं अंगठाच लागतो.
तेव्हा माझा तिच्यावर,
मध्ये ओली फिल्म, आणि खाली ग्लेझ,
ज्याला काहीच चिकटवून घ्यायचं नसतं.

रात्री भट्टी. चारशेपर्यंत झाकण बोटभर उघडं,
फिल्म जळताना वास येतो
प्लास्टिकची बांगडी जळाल्यासारखा.
शेजारचा माग साडेदहाला थांबला.
मग झाकण बंद, आठशेपर्यंत.

टोनरमध्ये लोखंड असतं. आत जाताना काळं होतं,
सकाळी निघालं ते तपकिरी.
दरवेळी होतं तेच, गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवते.
येलगेटींना सांगायचं राहिलं होतं.
त्यांनी कप उजेडात धरला, नाकाशी नेला,
काही वास नव्हताच त्याला.
"तंबाखूच की ओ," म्हणाले.

अकरा नेले. बाराव्यावर मधोमध फोड,
सुईच्या टोकाएवढं भोक, खाली पांढरं.
याचे पैसे नकोत, मी म्हटलं, ही छाट.
ते हसले.
"छाट कारखान्यातच राहायची, ताई.
तिची मजुरी नाही, आणि विडीही परत नाही.
मालक ओढायचा, गल्ल्यामागं बसून."

अकराचा चहा मी आता त्यातच घेते.
कानाला धरते, म्हणजे बोट तिकडे जात नाही.
पण गड्ड्याच्या थंडीत
कप दोन्ही हातांत धरावाच लागतो.