पाठ असलेली खुर्ची

कायद्यात लिहिलंय, खुर्चीला पाठ हवी.
स्टूल चालणार नाही, उलटं ठेवलेलं खोकं चालणार नाही.
पुएब्लातलं आमचं लेस-फितींचं दुकान,
बायका अकरा.
मालक डॉन एवारिस्तोंनी खुर्च्या आणल्या चार.
वेष्टन काढू नका म्हणाले, मळतील.

ठेवल्या माडीवर, बटणांच्या खोक्यांमागे.
खाली भिंतीवर नियमांचा कागद, त्याखाली वही:
नाव, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, सही.
वही रोज भरायची.
मीही सही केली. दोनदा. तिसऱ्यांदा
वेळही मीच ठरवली, ११.४० ते ११.५५,
कारण तेव्हा मला खरंच बसावंसं वाटलं होतं.

रेफुहिओ मात्र सही करेना.
एकतीस वर्षं तिसऱ्या काउंटरवर उभी.
संध्याकाळी बूट काढते तेव्हा
मोज्याची वीण घोट्यावर उमटलेली असते,
दुकानातल्या कुठल्याही लेसपेक्षा बारीक.
"बसले नाही, तर बसले असं लिहू कशी?"
एवढंच म्हणाली, आणि फीत मोजायला लागली.

डॉन एवारिस्तो वाईट माणूस नाहीत.
(हे मला दर वेळी सांगावं लागतं.)
नाताळात प्रत्येकीला टर्की देतात.
स्वतः गल्ल्यामागे आजोबांच्या आरामखुर्चीत असतात
आणि म्हणतात,
गिऱ्हाईक आलं की बसलेली बाई आळशी दिसते.

मंगळवारी निरीक्षक आली. इत्सेल नाव, पंचविशीची,
तिचेही बूट चावत असावेत, सारखी पाय बदलत होती.
वही चाळली. एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.
"ही कोण?"
"मी."
"तुमची खुर्ची?"
कुणी बोलेना.
रेफुहिओनं फक्त मान वर केली, छताकडे.

खुर्ची उतरवली आम्ही दोघींनी, जिन्यात अडकत.
प्लास्टिक फाटल्याचा आवाज असा झाला
की डॉन एवारिस्तोंनी डोळे मिटून घेतले.
बसा, इत्सेल म्हणाली.
ती टेकली काठावर, दवाखान्यात टेकतात तशी,
पर्स मांडीवर.
मागे रेला ना, पाठ त्यासाठीच असते.
रेलली.
दारावरची घंटी वाजली
आणि ताडकन उभी.
पाठ होतं ते.
तिला नाही, तिच्या पायांना.

दंड किती झाला ते आम्हाला कोण सांगणार.
पण बुधवारी खुर्ची काउंटरमागेच होती,
आणि दुपारी रेफुहिओनं मला खुणेनं बोलावलं.
बस. आता खाली वाकून बघ.

फळीच्या खालच्या अंगाला,
उभ्या माणसाची नजर जिथे कधी पोचत नाही,
पेन्सिलीची अक्षरं:
ओफेलिया. मार्च ७४. पाच मिनिटं.
पुढे आणखी. पाच. चार. पाच.
एकदा नऊ, आणि नवाखाली रेघ.
तेव्हा खुर्ची कुठली?
जमिनीवर बसली असणार,
टाचणी पडली असं सांगून.

मी वाचत राहिले. वाचता वाचता
पाठीचा एकेक मणका खुर्चीला लागत गेला.
रेफुहिओनं कानामागची पेन्सिल काढली.
मला वाटलं, आपलं नाव लिहील.
"किती झाले?"
"सोळा."
"मग ऊठ. पंधराचीच असते.
एक मिनिट माझं खाल्लंस."